पाच इंजिनांचं पार्सल

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दातवाले,

सप्रेम नमस्कार. आधी ‘अनेक आशीर्वाद’ लिहिणार होतो, पण हल्ली नमस्कारच सुरक्षित वाटतो.

तुझा निरोप पोचला. आपल्या टेबलावरच्या खेळण्यातल्या रेल्वेची इंजिनं पाठवायला उशीर झाला, त्याला कारण तांत्रिक आहे. बाकी इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरत का होईना चालतो. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्याच घरी दिव्याखाली अंधार म्हणून शेजारी हसून घेतात. तिचा ठेका दुसऱ्या कंपनीकडे आहे, हे सांगून कुणाला पटत नाही.

आता ते कारण.

पाठवण्याआधी पाचही इंजिनं एकदा तपासावीत असं मला वाटलं. नसतं वाटलं तर बरं झालं असतं. चार नीट चालली. काळं मात्र रुसलं. आपल्या बिस्किटाच्या डब्यातल्या कंट्रोलरवरून त्याच्या पोटातल्या डिकोडरला, म्हणजे हुकूम ऐकणाऱ्या चिपला, नंबर विचारला की पडद्यावर एकच: ‘उत्तर नाही’. डिकोडर उत्तर देतो म्हणजे मोटरला बारीकसा झटका देतो आणि डबा तो झटका ओळखतो, हे तूच मला शिकवलंस. इंजिन हललेलं मला डोळ्यांनी दिसत होतं, डब्याला पत्ता नव्हता. रूळ पुसले, चाकं पुसली, डबा उघडून सगळं सोल्डरिंग नव्याने केलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी शंका आली, की डिकोडरला शिकवायला आपण बाजूला जो रुळाचा तुकडा ठेवलाय, त्यातच काही असेल. त्याच्या तारा काढून सरळ मोठ्या रुळाला जोडल्या, काळं इंजिन तिथे नेऊन ठेवलं आणि ‘सगळं विसर’ असा हुकूम सोडला. म्हटलं, पाटी कोरी करून पहिल्यापासून सुरू करू. पडद्यावर आलं, ‘झालं’. मी खूश.

मग गाडी सोडली आणि पाचही इंजिनं शाळा सुटल्यासारखी एकदम पळाली.

तू बजावलं होतंस. ‘भावजी, शिकवताना नंबर घेऊन हाक मारता येत नाही. वर्गात जेवढी पोरं बसलीत तेवढी सगळी शिकतात. एकाला शिकवायचं तर बाकीच्यांना आधी बाहेर काढा.’ आणि बाकीची चार त्याच मोठ्या रुळावर उभी होती. विसर म्हटल्यावर सगळीच विसरली आणि सगळ्यांचा नंबर एकच झाला. दोष निघाला त्या तुकड्याच्या सांध्यात, काळ्याची पाळी येईपर्यंत तो सैल झाला होता. पकडीने एकदा दाबला असता तर भागलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

नंबर मी पुन्हा देऊन टाकले. पण चाल गेली रे. तू टेबलावर गाल टेकवून एकेका इंजिनाची सुटायची आणि थांबायची गती लावत बसायचास. तुझ्या दवाखान्यातला चूळ भरायचा पेला पाण्याने काठोकाठ भरून मागच्या डब्यावर ठेवायचास, आणि थेंबभर सांडलं तरी ‘भावजी, अजून जरा हळू’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मी चहा गार झाला म्हणून ओरडायचो. ते आकडे आपण कुठे लिहिले नाहीत. लिहायची गरजच काय होती, तू दर शनिवारी यायचासच.

मी स्वतः लिफ्टवाला. माणसांना असं उतरवतो की कुणाच्या पोटातलं पाणी हलत नाही. पण या आठवड्यात रोज कामावरून आलो की बसलो, आणि रोज टेबल पुसलं. सारखं कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं की हे बघ, पुन्हा सांडलं. घरात सांगायला कुणी नाही. शेजारच्यांना सांगितलं तर लिफ्टचा विषय काढतील.

तुझा निरोप मी बऱ्याचदा वाचला. ‘नमस्कार. माझी पाच इंजिनं कृपया पार्सलने पाठवावीत.’ पाठवावीत! पाण्याची टाकी धुताना इमारतीत नोटीस लावतात तसं. वर ‘भावजी’ नाही. मला वाटलं विसरलास. मग तुझ्या ताईचा फोन आला. आपलं दुसरं लग्न ठरल्याचं तिनेच सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून. बाई सरळ आहे, ते मी कधीच नाकारलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आता ती हाक दुसऱ्याला द्यावी लागणार, आणि एका वेळी दोघांना कशी द्यायची या पेचात तू पडला असशील. तिचा पाठचा भाऊ आहेस, तिच्याच बाजूने उभं राहायला हवंस. माझी तक्रार नाही.

नाही, आहे.

संसार मोडला तेव्हा आम्ही न भांडता वाटण्या केल्या. मिक्सर तिला, कपाट मला, पडदे तिला. आमचं इतकं सुरळीत चाललेलं पाहून वकीलसुद्धा कंटाळला. पण तू कुणाच्या वाटणीला, हे मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कपाट सोडून दिलं असतं. तिची आठवण आली तर मनातल्या मनात भांडून घेतो, बरं वाटतं. तुझ्याशी भांडावं असं काही घडलेलंच नाही, त्यामुळे तुझी आठवण आली की काय करावं ते सुचत नाही.

असो. उद्या पार्सल टाकतोय. मोजशील तर चारच भरतील. पार्सलवाल्यावर ओरडू नकोस, त्याचा दोष नाही. काळं इंजिन मी ठेवून घेतलंय. हरवलेलं नाही, मोडलेलं नाही, माझ्या समोर टेबलावर आहे. चोरी म्हणायची तर म्हण. नोटीस पाठवलीस तरी देणार नाही, माणूस पाठवलास तरी देणार नाही. घ्यायला तुलाच यावं लागेल. ताईला सांगून ये, लपूनछपून नको. आणि एकदा मिळालं की पुन्हा येऊ नकोस, असंही मी म्हणणार नाही.

शनिवारी मी घरीच आहे. खरं सांगायचं तर रविवारीही असतो, आणि एरवीही सहानंतर असतोच. जिने चढावे लागतील. दमलास तर मधल्या मजल्यावर थांब आणि वर हाक मार. काय म्हणून मारायची ते तुझं तू ठरव, मी खाली येतो.

तुझा,
आता कोण लागतो ते माहीत नाही, पण तुझाच