लाल पेटीवरचे निळे खोके

मी, ओरिसिया हावरिलुक, वय एक्क्याऐंशी, अविवाहित, राहणार हॅमिल्टन, ऑन्टॅरिओ, कॅनडा, असे लिहून ठेवते की माझे गुडघे कामातून गेले आहेत, डोके नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. पाडले असते तर मी लिहिलेच नसते. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची डॅरिया हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार जरा उचलून लावावे लागते, ढकलू नये.

२. करवती, ब्रश आणि रंगाचा फवारा चित्रपटांचे सेट सजवणाऱ्यांच्या आमच्या युनियनच्या कार्यशाळेला. फवारा जपावा. १९७९ साली त्याने मी अख्खा नोव्हेंबर हिरवा केला आहे. त्या काळी वर्षअखेरच्या आत चित्रण उरकले की पैसे घालणाऱ्यांना करात सूट मिळे, म्हणून सगळ्यांना घाई. उन्हाळी सुट्टीतला विनोदी चित्रपट आम्ही बर्फाच्या तोंडावर काढला. तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट बोलण्याआधी बर्फाचे खडे चोखत. निर्माता लोकरीच्या कोटात उभा राहून ओरडे, "कुडकुडू नका रे, ऑगस्ट आहे!" त्या माणसाला मी काहीही ठेवत नाही.

३. तळघरातल्या ओहायो आणि पेनसिल्व्हेनियाच्या बनावट नंबरपट्ट्या, एकूण चाळीस, ज्याला हव्यात त्याने न्याव्यात. त्या एका वर्षात मी एक भयपट, तो विनोदी, एक गुन्हेगारीचा आणि एक रडका प्रेमपट असे चार चित्रपट सजवले. चारही हॅमिल्टनमध्येच झाले आणि एकातही हॅमिल्टन नव्हते. अमेरिकेत खपायचे तर गाव अमेरिकेतलेच दिसायला हवे. सेटवर पोचले की मी आधी झेंडे उतरवी, मग गाड्यांच्या पट्ट्या बदली आणि शेवटी आपल्या लाल टपालपेटीवर अमेरिकेतल्या पेटीसारखे प्लायवुडचे निळे खोके चढवी. त्यावर अमेरिकी टपालखात्याचा गरुड मीच रंगवला होता. हे हाताच्या इतके अंगवळणी पडले की डोक्याला विचारायची गरजच राहिली नाही.

४. ते निळे खोके जाळावे. डॅरियाने स्वतः उभे राहून जाळावे.

कारण असे की त्याच डिसेंबरात माझा धाकटा भाऊ मायरॉन याने स्वतःचा चित्रपट काढला. पोलाद कारखान्यामागची आमची गल्ली, तिथली खरी माणसे. रंगीत फिल्म परवडली नाही, म्हणून काळापांढरा. शेवटच्या दृश्यात आमची आई पेटीत पत्र टाकते. पहिल्या खेपेला ती कॅमेऱ्याकडे बघून हसली, ते दृश्य वाया गेले. दुसऱ्या खेपेआधी मी सवयीने धावत जाऊन पेटीवर खोके चढवले. मागे उभ्या दोन गाड्या ओहायोच्या केल्या. कोणीही हटकले नाही. वर्षभर सगळ्यांनी तेच पाहिले होते. संकलनाच्या इवल्याशा पडद्यावरही कळले नाही.

चर्चच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर मात्र गरुड दरवाजाएवढा दिसला. लोक हसले. आईसुद्धा. मायरॉन सगळ्यांदेखत म्हणाला, "चार परक्यांसाठी गाव विकलंस, ते विकलंस. माझ्यासाठी तरी ठेवायचंस गं!" मी म्हणाले, "दिग्दर्शक तू होतास. तुझे डोळे कुठे होते?" त्याने पुन्हा चित्रपट केला नाही. आम्ही एकतीस वर्षे बोललो नाही. आईच्या अंत्यविधीला आम्ही एकाच बाकावर बसलो, डॅरिया मध्ये.

५. ~~तंबाखूच्या डब्यातला फिल्मचा तुकडा मायरॉनला. हा तो पहिल्या खेपेचा वाया गेलेला तुकडा आहे. पेटीवर खोके नाही, गाड्या आमच्याच. आई हसते आणि म्हणते, "मायरॉन, बाळा, बरोबर टाकलं ना रे?" मी तो तेव्हाच टाकाऊ तुकड्यांच्या टोपलीतून उचलला होता. सभागृहातल्या त्या प्रसंगानंतर तो देऊन त्याचा चित्रपट वाचवता आला असता. त्याने मागितला नाही, म्हणून मी दिला नाही. हे चुकले. खोक्याची चूक हाताची होती, ही माझी.~~

कलम ५ मी आज रद्द करत आहे. समासात माझी आद्याक्षरे आहेत. मसुदा वाचून वकीलबाई श्रीमती मॅकॉर्किल चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तो चार गल्ल्या पलीकडे राहतो ना? मग मरायची वाट कशाला बघताय? शिवाय ज्याला यातून काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. तुम्हाला अजून एक साक्षीदार हवाच आहे." मी डबा पाकिटात घातला आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकला. त्याला आता नऊ दिवस झाले.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

हॅमिल्टन, १७ मार्च २०११
(सही) ओरिसिया हावरिलुक

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:

१. (सही) ग्लेनिस टफ्ट्स, शेजारी
२. (सही) मायरॉन हावरिलुक, भाऊ