लखनचा दाखला

डोकमर्डी, सिल्वासा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय योगेश,

जर्मनीच्या थंडीतही तू आणि श्रुतीवहिनी ठणठणीत असणारच. आम्हीही मजेत. देशाची अर्थव्यवस्था जगात आणखी वर चढल्याची बातमी आज पुन्हा वाचली. मी अजून दुसऱ्याच मजल्यावर आहे, आणि लिफ्ट बंद आहे.

पत्राला उशीर झाला. मार्चएंडची गडबड, भारतीची पाठ, बरंच काही.

खरं सांगू?

दिवाळीत तू मसाटला आमची फॅक्टरी बघायला आलास. वीस वर्षांपूर्वी इथेच आपण दोघं एका दिवशी ट्रेनी म्हणून लागलो, म्हणून मी तुला मिरवत फिरवलं. मला वाटलं, माझी केबिन बघशील. तू बघत राहिलास लखनला. जवळच्या वासोणा गावचा, आठवी पास, गप्पा मारता मारता चालत्या मशीनवर तुटलेला धागा जोडणारा. निघताना म्हणालास, "पऱ्या, हा माणूस मला दे."

मी हसलो. मला वाटलं होतं, तू मला मागशील.

लखनला तुझ्या कंपनीचं बोलावणं आलं. त्याचा तिथला पगार भारतीने मोबाईलवर रुपयांत करून पाहिला. "अहो, तुमच्या दुप्पट!" इतक्या आनंदाने कुणी वाईट बातमी देतं का?

हवा होता फक्त मशीन चालवल्याचा माझ्या सहीचा दाखला. पण आमच्या रजिस्टरात लखन आठ वर्षं 'हेल्पर' आहे. ऑपरेटर लिहिलं की पगारही ऑपरेटरचा द्यावा लागतो, म्हणून सगळेच हेल्पर. ते रजिस्टर मीच भरतो. त्याचा पगार माझ्या पगाराचा पाचवा हिस्सा, हे कधी खुपलं नाही. तुझा माझ्या चौपट, हे रोज खुपतं.

मी दाखल्यात 'हेल्पर' लिहिलं. रजिस्टरप्रमाणे अक्षरन् अक्षर खरं, आणि त्याचं जाणं तिथेच संपलं. लखनने वाचलं, म्हणाला, "बरोबर आहे, साहेब. पगारपण हेल्परचाच आहे ना."

टोमणा असता तर मी सुखाने झोपलो असतो.

सोबत नवा दाखला आहे. ऑपरेटर, आठ वर्षं, सही माझी. उद्या बाकीचे एकतीस हेल्परही असाच कागद मागतील, आणि मालक माझी केबिन काढून घेतील. पण याला माझा मोठेपणा म्हणू नकोस. सही करतानाही जळतच होतो.

त्याला घ्यायला विमानतळावर स्वतः जा. जाड कोट ने, त्याच्याकडे नाही. मला फोटो पाठवू नकोस.

तुझ्यावर जळणारा, आणि आता त्याच्यावरही,
पराग