खुशीच्या कॉम्प्युटरचा सप्लाय

११ मार्च २०२५, मंगळवार

आज पोरीनं माझा पार पोपट केला!

जेवताना खुशी म्हणाली, "बाबा, बाकी सारं सामान आलं. आता फक्त पावर सप्लाय घ्याचा हाय." मी म्हटलं, "सप्लाय कायले विकत घेतेस वं? चोवीस तास सप्लाय हाय ना घरी!" ती आणि प्रेमिला, मायलेकी दोघी हसून हसून लोटपोट. मग समजलं — कॉम्प्युटरच्या डब्यात एक वेगळी पेटी बसते. भिंतीतला करंट घेते आणि आतल्या नाजूक सामानाला झेपेल एवढाच करून देते. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात, पोरं पावर सप्लाय म्हणतात.

एकतीस वर्षं लाईनमन होतो मी. दवनीवाड्यात "सप्लाय कवा येते, बकारामभाऊ?" याशिवाय कोणी माझ्याशी दुसरं बोललं नाही. आणि माझ्याच घरात मला सप्लाय म्हणजे काय ते माहीत नाही! प्रेमिला अजून आत हसूनच राहिली आहे.

१२ मार्च

हा कॉम्प्युटर खुशी तयार आणत नाही. सुटे भाग मागवून स्वतः बांधते. सिव्हिलचा डिप्लोमा झाला आहे तिचा. घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल त्याची चित्रं काढते, थ्रीडी. पुण्याच्या एका कंपनीनं सांगितलं आहे — एप्रिल महिना घरून काम करून दाखवा. मशीन बंद पडलं, काम अडकलं, तर पुण्यालाच यावं लागेल.

म्हणजे गणित साधं. मशीन चाललं तर पोरगी घरात. बंद पडलं तर पोरगी पुण्यात. एकुलती एक लेक आहे. मला ती इथंच पाहिजे. कोणाला सांगणार नाही, पण इथं लिहायला काय जाते?

१३ मार्च

खुशी दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून राहिली. कोणता सप्लाय चांगला, कोणता फेकून देण्यासारखा. कोण कुठला पोरगा उलटी टोपी घालून सांगते, ते खरं! आणि घरात लाईनमन खाटेवर बसून आहे, त्याला कोणी विचारत नाही. राग आला. चहा परत पाठवला. प्रेमिलानं तोच गरम करून आणला. प्यालो.

१७ मार्च, सोमवार

खुशीसोबत गोंदियाला गेलो. तिनं बोलावलं नव्हतं, मीच गाडी काढून उभा राहिलो.

भुपेंद्रचं कॉम्प्युटरचं दुकान. गोड माणूस, एकदम मिठ्ठास! "अंकल, ये ले जाओ. पाँच सौ वॅट. सब यही ले जाते हैं." मी पेटी हातात घेतली. हलकी! रिकाम्या टिफिनसारखी. चष्मा पुसला आणि स्टिकर वाचायला घेतलं. वर मोठ्ठे ५००. खाली मुंगीएवढ्या अक्षरात — बारा व्होल्टच्या लाईनवर सोळा अँपियर. आता बारा गुणिले सोळा किती? एकशे ब्याण्णव! आणि खुशीचं मशीन जवळपास सगळं खाते ते या बारा व्होल्टवरूनच.

"भैया, बाकी का तीन सौ वॅट कहाँ गया?"

"अंकल, वो टोटल है ना."

"किसका टोटल? छापनेवाले का?"

दुकानातली सारी गिऱ्हाईकं वळून पाहायला लागली. खुशी म्हणाली, "बाबा, हळू बोला ना." पण तोंडावर हसू होतं तिच्या. मी पाहिलं!

भुपेंद्र काही वाईट माणूस नाही. "अंकल, आप तो डिपार्टमेंट के निकले," म्हणाला आणि आतून दुसरी पेटी काढली. साडेसहाशे वॅट. बारा व्होल्टवर चोपन्न अँपियर. गुणाकार केला — सहाशे अठ्ठेचाळीस. वर छापलेलं आणि पोटातलं जुळलं. हाताला चांगली जड. सात वर्षांची गॅरंटी. भाव ऐकून मला घाम फुटला, तरी म्हटलं, "हीच." तर खुशीनं पर्समधून कागद काढला. तीच पेटी, तोच नंबर, घरूनच लिहून आणलेला!

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी कोनता निवडता, ते पाहून राहिली होती."

बाप्पा! बापाची परीक्षा घेतली पोट्टीनं. पास झालो म्हणून बरं. येताना दोघांनी उसाचा रस प्यायला. मजा आली.

१९ मार्च

मशीन उभं झालं! जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून सकाळपासून बसली होती. मी बाजूला — "हात जपून, हात जपून." शेवटी म्हणाली, "बाबा, तुमी तरी जपून बसा." एक गोष्ट मला फार आवडली. त्या पेटीतून एवढ्या वायरी निघतात, पण प्रत्येकीची खाच वेगळी. उलटी लावतो म्हटलं तरी लागत नाही. आमच्या कामात अशी सोय असती तर माझ्यासोबतचे दोघं आज असते.

बटण दाबलं. पंखे फिरले, निळा लाईट लागला. प्रेमिलानं हळदकुंकू लावायला डब्याला हात लावला आणि "अगो माय!" करून मागं सरकली. मी लावला. झिणझिण्या!

अर्थिंग. घराला अर्थिंगच नाही धड. कवाची सडून गेलेली. एकतीस वर्षं लोकांना "अर्थिंग करा, अर्थिंग करा" सांगत फिरलो, आणि लाईनमनच्याच घरी ही तऱ्हा. हे मात्र गावात कोणाला समजायला नको.

२१ मार्च

अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खोदला. पाईप, कोळसा, मीठ, सगळं रीतसर. समोरचा केवलराम त्याच्या मिलीच्या दारातून ओरडला, "बोर मारून राहिला का गा, बकाराम?" म्हटलं, "नाई, पोरीचा कॉम्प्युटर पेरून राहिलो!" संध्याकाळी मीटर लावून पाहिलं. डब्यावर काही नाही. प्रेमिलाला म्हटलं, लाव हात. ती म्हणाली, "पयले तुमी लावा."

२ एप्रिल

कालपासून काम सुरू. आणि आज माझी फजिती!

खुशी आधीपासून म्हणत होती, वेगळा यूपीएस घेऊ. मी म्हटलं, घरी इन्व्हर्टर आहे, पंखे-लाईट चालतात, याला काय धाड भरली? साडेअकराला सप्लाय गेला. इन्व्हर्टर लागला. पंखा सुरू, लाईट सुरू — कॉम्प्युटर बंद! पोरीचं तोंड एवढंसं झालं. तासाभराचं काम गेलं.

मग तिनं समजावलं. आपला जुना इन्व्हर्टर ओबडधोबड करंट देते. पंखा गुंगुं करत तो गिळून घेते. ही पेटी चांगली, म्हणूनच चोखंदळ. तिला खराब करंट चालतच नाही. हे तर मला समजायला पाहिजे होतं! चूक माझी. तसं बोललोही, मोठ्यानं. प्रेमिला म्हणाली, "आजची तारीख लिवून ठेवा." लिहिली.

३ एप्रिल

भुपेंद्रकडून प्युअर साइन वेव्हवाला, म्हणजे चोख करंट देणारा यूपीएस आणला. मेन स्विच पाच वेळा पाडून पाहिला. पेटीला पत्ताही लागला नाही. सहाव्यांदा पाडायला गेलो तर खुशी म्हणाली, "बाबा, बस झालं आता!"

६ एप्रिल

काही नाही. चालू आहे.

९ एप्रिल

केवलरामची धान कुटायची मिल सुरू झाली की आमच्या घरचे लाईट पिवळे पडतात. आज मीटर लावला — दोनशे तीसच्या जागी एकशे पंचावन्न व्होल्ट! पेटीला त्याचं काही नाही, तिच्यावर शंभर ते दोनशे चाळीस लिहिलं आहे आणि ती लिहिल्याला जागते. पण यूपीएस घाबरते. टकटक करून बॅटरीवर जाते, आणि बॅटरी टिकते वीस मिनिटं.

गेलो केवलरामकडे. म्हटलं, "महिनाभर मिल सकाळी दहाच्या आत नाईतर संध्याकाळी सहानंतर चालव. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय." तो म्हणाला, "तू लाईनमन होता तवा बिल थकलं म्हून मायी लाईन तीनदा कापली, याद हाय?" मग हसला लेकाचा. "अरे, खुशी का मायी कोनी नोहे? चालवतो सकाळी." चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

१८ एप्रिल

खुशीनं बोलावून पडद्यावर एक घर दाखवलं. दोन मजली, गॅलरीत कुंड्या, भिंतीवर झाडाची सावलीसुद्धा. "बाबा, हे घर अजून बांधलंच नाई." मी पाहतच राहिलो. माझ्या पोरीनं केलं हे! या घरात बसून!

म्हटलं, "आता तुले पुण्याले जायची गरजच नाई." "हो ना," म्हणाली आणि पडद्याकडे पाहत राहिली. कामात होती.

२४ एप्रिल, गुरुवार

वादळ झालं दुपारी. बिरसीकडे झाड पडून तार तुटली. माझ्या अनुभवानं सांगतो, अशा तारेला चार तास लागतातच. आणि खुशीला पाच वाजेपर्यंत काम पाठवायचं होतं. वाजले होते अडीच.

केवलरामच्या मिलीत एक जुना डिझेल जनरेटर पडून आहे. दोघांनी ढकलत अंगणात आणला. सुरू झाला, पण व्होल्टेज माकडासारखं उड्या मारे. मग मी त्याच्याजवळच बसलो. डोळा मीटरवर, हात रेसच्या दांडीवर. खाली आलं की ओढायचं, वर गेलं की सोडायचं. पावणेदोन तास! केवलराम दोनदा म्हणाला, "सरक, मी धरतो." मी नाही सरकलो. दुसऱ्याच्या हाती कशी देऊ?

पाचला दहा कमी असताना खुशी बाहेर आली. माझं तोंड धुरानं काळंकुट्ट. वाटलं हसेल. तर डोळ्यात पाणी तिच्या.

"रडाले काय झालं वं? काम पोचलं ना?"

"पोचलं, बाबा."

आज अंग ठणकून राहिलं आहे. पण एवढं समाधान नोकरीत कधी झालं नव्हतं, खरं सांगतो.

३० एप्रिल

महिना भरला. तीस दिवसांत एकही काम अडकलं नाही.

२ मे

पक्की! कंपनीचा मेल आला. नोकरी पक्की आणि काम घरूनच! केवलरामला पेढे, शेजारीपाजारी पेढे, गोंदियाला जाऊन भुपेंद्रलासुद्धा पेढे. तो म्हणाला, "अंकल, अब मेरी दुकान में बैठो, सप्लाय आप ही बेचो." प्रेमिलानं पुरणपोळी केली. मी चार खाल्ल्या. पोरगी घरात राहिली! आता मला काही नको.

३ मे

सकाळी प्रेमिलानं सांगितलं. मेलमध्ये 'घरूनच' असं नव्हतं. घरून करा की पुण्यात या, तुमची मर्जी — असं होतं. 'घरून' हे खुशीनंच उत्तरात लिहून पाठवलं.

आईजवळ म्हणाली, "मले जायाचं होतं आई. पन बाबानं एवढं केलं, आता जातो म्हनू कसं?"

दुपारपर्यंत अंगणात बसून राहिलो. फार वाईट वाटलं. मशीन चालावं म्हणून झटलो आणि पोरीलाच अडकवून ठेवलं.

जेवताना मीच म्हटलं, "खुशी, पुण्याले खोली पाहाले कवा जाचं?"

तिचा घास हातातच राहिला.