शेवाळ न धरणारी कुंडी

भरे, मंगळवार, १० फेब्रुवारी

होडीच्या बुडाला लावायच्या रंगाचा उरलेला डबा मीच कोकणातल्या कामावरून आणला. शेवाळ धरू नये म्हणून शेळ्यांच्या पाण्याची कुंडी आतून रंगवली. धरलं नाहीच.

आज वाचलं, त्या रंगातल्या विषानं समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं, त्या वांझ होतात. डब्यावरचं विषाचं नाव तीनदा पडताळलं. तेच. दोन शेळ्या यंदा गाभण राहिल्या नाहीत, त्यामुळेच का? तिसरीचं दूध सातव्या महिन्यातली वहिनी पिते.

"आजपासून नको," म्हणालो.

"का ओ भावजी, शेळी नगं म्हणाली व्हय?" ती हसली. मी कुंडीकडे वळलो.

कुंडी उपडी केली. आत शेवाळाचा ठिपकाही नाही. पाणी उताराने विहिरीकडे गेलं, ते गेल्यावर ध्यानात आलं.

वहिनी विहिरीवर जायला घागर उचलते आहे. वही ठेवतो, सांगतो.