कोरड्या आवाजावर इलाज

३ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज पुन्हा कोरडा! वायरी बदलल्या, रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलली, स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. फरक शून्य. गाणारी बाई पत्र्याच्या खोलीत कोंडल्यासारखी वाटते.

आज एकसष्ट एक्स-रे काढले. "श्वास घ्या, धरा, सोडा" – दिवसभरात याखेरीज एक वाक्य तोंडातून गेलं नसेल. घरी आल्यावर तासभर तरी धड काही कानावर पडावं, एवढीच अपेक्षा. तीही जास्तच झाली म्हणायची.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा. जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या, तापल्या की आतून लालसर दिसणाऱ्या. त्याने आवाजाला ऊब येते म्हणतात. आमच्या विभागातल्या सिस्टरला सांगितलं तर म्हणाली, तुमचं काय बाबा, तुम्ही कानसेन! चिडव म्हटलं.

ही घर सोडून गेल्याला चार महिने झाले. आवाज साधारण तेव्हापासूनच बिघडलाय. भांडण नाही, आदळआपट नाही. ती शिकवते त्या शाळेजवळ तिने दोन खोल्या घेतल्या, टेम्पो बोलावला, अर्धं सामान नेलं. मीच यादी करून दिली होती. यादीबाहेरचा चमचासुद्धा नेला नाही तिने.

लेक फोनवर विचारते, "बाबा, तुम्ही आईला एकदा तरी 'परत ये' म्हणालात का?"

नाही म्हणालो. म्हणायचंय. जमत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायला कमी. तीन अ‍ॅम्प लावून दाखवले. पहिला नुसताच गोड, सगळं साखरेत घोळल्यासारखं. दुसरा दणकट, पण गाणारी दूर उभी. तिसरा छोटा, चारच नळ्यांचा – आणि बाई समोर येऊन बसली! श्वास घेतलेला ऐकू आला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. दुकानदाराने उगाचच फडकं घेऊन स्वच्छ शेल्फ पुसायला काढलं. भला माणूस.

आठ दिवस घरी नेऊन ऐका म्हणाला. घेऊन आलो.

८ फेब्रुवारी, रविवार

अर्धा तास तापू दिला. मग तबकडी लावली.

तस्साच कोरडा!

१० फेब्रुवारी, मंगळवार

छोटा परत केला, दणकट आणला. लिफ्ट बंद. अठरा किलोचं धूड चार मजले चढवून कंबरेचे बारा वाजले. उद्या स्वतःचाच एक्स-रे काढावा लागणार. आवाजाबद्दल लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साखरेत घोळलेलाही आणला. तोही कडू.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हिचा फोन. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, बावीसला, येते म्हणाली. शिलाई मशीन न्यायचं आहे आणि घराची किल्ली परत द्यायची आहे. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि मग बोलायचं सगळं आठवलं. नेहमीचंच.

म्हणजे बावीसच्या आत आवाज जागेवर आला पाहिजे. तबकडीची एक बाजू नीट वाजली की मन सैल होईल, तोंडही उघडेल. किल्ली हातात पडली की संपलंच.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुकानदार कंटाळला असावा. छोटा अ‍ॅम्प काखोटीला मारून स्वतःच घरी आला. अ‍ॅम्पकडे पाहिलंसुद्धा नाही. खोलीच्या मध्यभागी उभा राहिला आणि एक टाळी वाजवली. टाळी भिंतींवर आपटून किती वेळ टणटणत राहिली! चार महिने एकटा या खोलीत राहतोय, मला ते एकदाही ऐकू आलं नाही. कानसेन!

इथे आधी काय होतं, विचारलं त्याने. सोफा, म्हटलं. जाड पडदे. पुस्तकांचं कपाट. सतरंजी. मग ते कुठे गेलं? सांगितलं. बाहेरच्या माणसाला हे सांगायची पहिलीच वेळ.

"मग मशीनला कशाला बोल लावताय? यंत्रं तिन्ही बरी आहेत. घर रिकामं आहे तुमचं."

पडदे लावा, भिंतीशी काहीतरी मऊ उभं करा, म्हणाला. जाताना माझ्या खुर्चीत बसून पाहिलं, मान इकडे-तिकडे करून. जागा अगदी अचूक मोजलीय म्हणाला. मोजणारच! दोन्ही स्पीकरपासून सारखं अंतर, कान नेमके त्या उंचीला. टेप लावून बसवलेली खुर्ची आहे ती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पडदे टांगले. दोन घोंगड्या भिंतीवर. लेकीची जुनी गादी कोपऱ्यात उभी केली. खोली धोब्याच्या दुकानासारखी दिसते.

पण छोटा अ‍ॅम्प लावला आणि – आली! बाई परत समोर येऊन बसली. ऐकता ऐकता खुर्चीतच झोप लागली. किती दिवसांनी.

२२ फेब्रुवारी, रविवार

ही आली. चार मजले चढून दम लागला होता. घोंगड्यांकडे पाहिलं. बसायला खोलीत खुर्ची एकच, तीत बसली. अ‍ॅम्प मी आधीच तापवून ठेवला होता. तबकडी लावली आणि तिथेच तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.

अख्खी बाजू संपेपर्यंत हलली नाही. हात मांडीवर, पर्स खांद्यालाच. सुई उचलली तेव्हा म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हाला हे असं ऐकू यायचं?"

"हो! आधी तर याहून छान," मी म्हणालो.

मग ती बराच वेळ स्पीकरकडे बघत राहिली. उठली, किल्ली खुर्चीवर ठेवली. मशीन खाली उतरवायला मी हात लावला. टेम्पो सुरू झाला तरी 'परत ये' माझ्या तोंडातून निघालं नाही. असो. थकलोय.

अ‍ॅम्प मात्र तिला आवडला. निदान तेवढं तरी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

खुर्चीवरची किल्ली उचलवेना. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी भुईवर बसून ऐकलं. रोज संध्याकाळी तिथेच बसून ही मुलांच्या वह्या तपासायची. "आवाज कमी करा" म्हणायची.

तिथे बाई येतच नाही. नुसते ठोके आणि चरचर. पाच मिनिटांत डोकं उठलं.

अठ्ठावीस वर्षं मी तिला सांगत आलो – तुला गाण्यातलं काही कळत नाही.