बासेत्सानाची टकटक

३ जून
आजपासून रोज लिहिणार. कुठे हत्ती, कुठे कुठला पक्षी, सगळं नोंदवलं की पाहुण्यांपुढे अडायला होत नाही. अक्षर मोठं काढतोय, पेन फिकट आहे.
कॅम्पचे आठही तंबू भरलेत. पाहुण्यांना पितळी नळ, आम्हाला मागे पत्र्याची खोली. पण पाण्यावर गेलं की त्यांचा जीव माझ्या काठीवर. एकतीस वर्षं लांब काठीनं मोकोरो, आमची अरुंद होडी, हाकतोय. मला, ओतुकिलेला, या पाण्यात कोण ओळखत नाही?

७ जून, सकाळ
पुढच्या होडीत बासेत्साना. आमच्या गावची, मला मामा म्हणते. काठीनं होडीच्या कडेवर सारखी टकटक. पाणघोड्याला भिऊन नवशिके करतात तसं. सात वर्षं होडी हाकतेय, आणि गेली दोन वर्षं ही भीती. पाहुणे पक्षी ऐकायला येतात, सुतारकाम नव्हे.

८ जून
झापलं तिला. म्हणाली, भित्री आहे मी मामा, चालवून घ्या. चालवून घेतोय.

१२ जून
पाहुणीला मगर दाखवली. ओंडका निघाला. मगर आधीच सटकली असणार.

१५ जून
मौन शहरातून डोळ्यांचे डॉक्टर येणार म्हणे, सगळ्या काठीवाल्यांना तपासणार. तपासायचंय काय? तरी आजपासून रोज दोन गाजरं.

१९ जून
डॉक्टर येऊन गेले. मी छपरासाठी गवत कापायला गेलो होतो, काम महत्त्वाचं. मॅनेजर सेलेलोबाई म्हणाल्या, हे गवत नाही, लव्हाळा आहे. छपराला लव्हाळाही चालतो.
गाजरं संपली.

२४ जून
बासेत्सानाला मौनच्या गाइड कोर्सला बोलावणं आलं होतं. जीप चालवायला मिळाली असती, पगार दुप्पट. दुसऱ्यांदा नाही म्हणाली! जेवताना सगळ्यांसमोर सुनावलं की तुझ्यात धमकच नाही, जन्मभर टकटकच करशील. ती ताटातलं मटण चिवडत बसली. स्वयंपाकी काहीतरी बोलणार होता, तिनं त्याला गप्प केलं. बोलण्यासारखं होतं काय म्हणा.

२७ जून
बासेत्साना तापानं झोपून. मीच पुढे निघालो. काय शांतता!

२७ जून, दुपार
नवं पाणी चढलंय, वाटा बदलल्यात. समोर काळं दिसलं, लव्हाळ्याचं बेट समजून त्याला लागूनच वळवली. ते उठलं, पाणघोडा होता. होडी उलटी, पाहुणे नवराबायको पाण्यात. मागच्यांनी ओढून काढलं. दोघं जिवंत आहेत, देवाची कृपा. माझी काठी मोडली.

२८ जून
सेलेलोबाई रागावल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाल्या, तुमच्या डोळ्यांचं दोन वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. मी तेव्हाच तुम्हाला पाण्यावरून उतरवणार होते, बासेत्सानानं पाय धरले. मी पुढे राहते म्हणाली, आवाजावर मामा बरोबर येतात. पाणघोड्याचा डोह आला की ती जोरात वाजवायची. कोर्सचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिचं एकच म्हणणं. मी गेले तर मामांच्या पुढे कोण?"
मी तिला धमक नाही म्हणालो होतो. सगळ्यांसमोर.

३० जून
स्वतःहून सांगून आलो, पाण्यावरून उतरतो, पण पोरीला कोर्सला पाठवा. बाई हो म्हणाल्या. डॉक्टर ऑक्टोबरात परत येतील, ऑपरेशनचं तेव्हा बघू.
तोवर तंबूंना अंघोळीचं गरम पाणी पोचवायचं. बादली गळकी दिली आहे.

६ जुलै
बादली गळकी नाही. ओतताना मीच बाहेर सांडत होतो.
सकाळी बासेत्साना गेली. माफी मागायची ठरवली होती, तोंडातून निघालं की मौनला जपून राहा. तिनं माझा हात धरला. "येते मामा," एवढंच म्हणाली. मोटरबोट वळली तसा मी धक्क्यावरच्या रिकाम्या होडीवर मोडक्या काठीनं वाजवत राहिलो, टक टक, आवाज लांब जाईपर्यंत.
स्वयंपाकी म्हणाला, ती वळणापर्यंत हात हलवत होती.
मला दिसलं नाही.