अडीच इंच

१२ जानेवारी २०१९

नवांत एक! लांबून तीन पॉइंटचे नऊ थ्री मारले, आठ बास्केटच्या रिंगच्या पुढच्या कडेवर. आठही तिथंच. शेवटी शेवटी पुण्याच्या पोरी मला मोकळंच सोडायला लागल्या — मार म्हणे, किती मारायचे ते. लीगमध्ये सगळ्यात जास्त थ्री जिच्या नावावर, तिला मोकळं सोडतात! प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "घरातली वाघीण!" सगळे हसले. आमच्या बेंचवरचेही.

परत येताना आमचे कोच काकासाहेब सर गाडीत शेजारी येऊन बसले. चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. "पोरी, हात बरोबर आहे तुझा. मनातली भीती तेवढी काढ." चार वर्षं काढतेच आहे. योग झाला, प्राणायाम झाला, त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे सहा महिने जाऊन झालं. ही भीती कुठं दडून बसलीय तेच सापडत नाही.

मागच्या सीटवरून गुलशननं चिवडा पुढं केला. गुलशन आमची सिल्लोडची, तेवीस वर्षांची. थ्री मारण्यात माझ्यानंतर तीच. आज तिचेही सातांत एक. म्हणाली, "खा ताई. पोट भरल्यावर कमी भ्या वाटतं." खाल्ला. नाही वाटलं काही कमी.

१५ जानेवारी

घरची मॅच. अकरांत सात!! सगळा उस्मानपुरा कोर्टवर लोटला होता, पत्र्याखाली उभं राहायला जागा नाही. पाहुण्या पोरींचे शॉट नेहमीसारखे लांब गेले, मागच्या फळीवर धडाधड. आपल्या गर्दीला घाबरतात म्हणे.

माझे एकूण दोनशे ब्याण्णव झाले. तीनशेपर्यंत लीगमध्ये अजून कुणी पोचलेलं नाही. पुढच्या घरच्या मॅचला होतील, मग शाल, फोटो, पेपरात नाव. कुठाय आज भित्री? हीच मी, हाच हात!

१६ जानेवारी

अंग ठणकतंय. खुशीत आहे.

१९ जानेवारी

बद्रीनाथ रिंगची जाळी बदलत होता. कोर्ट तोच सांभाळतो — झाडतो, दिवे लावतो, आम्हाला रागावतो. मी नुसती बसले होते. स्टुलावरून म्हणाला, "ताई, आधी या स्टुलावर बी टाचा उचलाव्या लागायच्या. कोट टाकल्यापून बरं झालं. आरामात हात पुरतो."

"कसला कोट?"

"त्यो नाय का, चार वर्सं झाली. छत गळून पाणी साचायचं. खालचं न खोदता वरूनच काँक्रिट घातलं. खांब व्हते तसेच ऱ्हायले."

मी हसले. मग हसू गेलं. त्याच्याकडून टेप मागून घेतला. रिंग दहा फुटांवर हवी. भरली नऊ फूट साडेनऊ इंच. पळत दुसऱ्या टोकाला गेले. तीच. अडीच इंच खाली!

२० जानेवारी

सकाळी पुन्हा मोजलं. अडीचच.

म्हणजे चार वर्षं माझा हात खालच्या रिंगवर शिकला. बाहेर रिंग जिथं असायला हवी तिथं असते, म्हणून माझा शॉट छोटा पडतो. पाहुण्यांचा आमच्याकडं लांब जातो. भीती नव्हतीच! कधीच नव्हती! मी खोलीत एकटीच नाचले.

मग दोन हजार सतरा आठवलं. इंडियाचा कॅम्प. निवडीच्या दिवशी विसांत तीन, बाकीचे सगळे पुढच्या कडेवर. कागदावर लिहून आलं — दडपण पेलत नाही. परत पाठवलं. पुन्हा बोलावलं नाही. सव्वीस वर्षांची होते, माझं वय होतं तेव्हा.

आणि नाच पुरता जिरवायला हेही आठवलं — दोनशे ब्याण्णवांतले बाहेरचे फक्त एक्केचाळीस. मग हे रेकॉर्ड माझं की त्या काँक्रिटचं? मी खरंच शूटर आहे का? कुणाला विचारू?

२१ जानेवारी

सरांना सांगायचं ठरवलं. बिचाऱ्यांना केवढा धक्का बसेल! आधी बद्रीनाथला म्हटलं, तू चल, तूच सांग सरांना.

त्यानं माझ्याकडं नवलानं बघितलं. "सरांना म्हाईतंय की. कोट वाळायच्या आधीच म्या म्हनलो व्हतो, खांब वर घ्यावा लागंल. ते म्हनले राहू दे. कुणाला सांगू नगं."

२२ जानेवारी

प्रॅक्टिसला गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं.

२४ जानेवारी

हा माणूस माझ्यासाठी कन्नडला सात वेळा आला होता. एसटीनं. मी तेरा वर्षांची. पोरगी हाफपँटवर खेळणार नाही, असं आमचे दादा म्हणायचे. सर ओट्यावर बसून राहायचे, चहा प्यायचे, पुढच्या रविवारी पुन्हा यायचे. सातव्या वेळेला दादा म्हणाले, न्या, पण माझ्या लेकीसारखी नाही, तुमच्या लेकीसारखी न्या. मी दादांचं ऐकलं नसेल एवढं ह्यांचं ऐकलं.

आज समोर टेप ठेवला. त्यांनी तो उचलून गुंडाळला. "बस," म्हणाले. मी बसले नाही.

"पाणी साचायचं म्हणून कोट टाकला पोरी. खांब नंतर वर घेणारच होतो. तेवढ्यात तू घालायला लागलीस. पाचांत चार, सातांत पाच. लोक यायला लागले. क्लब जगला. मग कोण हात लावतंय खांबाला?"

"आणि कॅम्प?"

"वाटलं, तू जमवून घेशील."

"चार वर्षं तुम्ही मला भित्री म्हणत होता सर."

"भित्री नाही म्हणालो कधी. भीती काढ म्हणालो."

ह्याला काय म्हणायचं? मला इतकं रडू आलं की मी त्यांच्यासमोरच रडले, ह्याचाही राग येतोय. ह्यांनी फसवलं! दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. ह्यांना शिवीसुद्धा देता येत नाही मला.

निघताना म्हणाले, "तू सांग, उद्या वर घेतो. पण मग तुझं रेकॉर्डबी पुसतील. तुझं तू ठरव."

माझ्यावर टाकून मोकळे!

२६ जानेवारी

आईचा फोन. "आगं, काकासाहेबांनी सोता फोन केला व्हता. सत्काराला गाडी पाठवनारैत. तुझे दादा कवाधरनं फेटा झटकत बसलेत." मी म्हटलं, या.

२७ जानेवारी

लीगच्या कमिटीला पत्र लिहिलं. रिंगची मापं, तारीख, सगळं. माझे थ्री काढून टाका असंही लिहिलं. दोनदा वाचलं, पर्समध्ये ठेवलं. उद्या टाकते.

३० जानेवारी

टाकायचंय.

३ फेब्रुवारी

तीनशे एक. तीनशेवा कोपऱ्यातून, गुलशनच्या पासवर. तीच आधी धावत आली, मला उचललंच वेडीनं. शाल, नारळ, एवढा मोठा हार. दादांनी सरांना वाकून नमस्कार केला. मला बघवलं नाही. माइक माझ्या हातात दिला होता. लोक ऐकायला थांबले होते. मी म्हणाले, "सगळं श्रेय सरांचं." टाळ्या थांबेनात.

पत्र पर्समध्येच.

६ फेब्रुवारी

गुलशनला इंडियाच्या कॅम्पचं बोलावणं आलं. उद्या सकाळची गाडी. प्रॅक्टिसनंतर कोर्टवर आम्ही दोघीच होतो. म्हणाली, "ताई, खरं सांग. बाहेर गेलं की माझा शॉट छोटा का पडतो? घरी तर नाय पडत."

मी म्हणाले, "मांड्यांत जोर कमी पडतो तुझ्या. जिने चढत जा."

"व्हय ताई," म्हणाली. तिथं गेल्यावर रोज सकाळी चढणार आहे.